पेठेतलं जुनं लाकडी घर न पाडता आतून आजच्यासारखं कसं करावं?

तुम्ही विचारलंय की पुण्याच्या सदाशिव पेठेतलं आजोबांचं घर पाडायचं नाही, पण आत सगळं आजच्या सोयीचं हवंय, तर आधी इंटिरिअर डिझायनर गाठावा का? माझ्या अनुभवाने सांगते, डिझायनर नंतर. आधी भिंतीतली ओल बघा.

आमचं घर नारायण पेठेत. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा खालचा मजला पाण्यात होता. पूर ओसरल्यावर आजोबांनी खालच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतला. तेव्हा तोच पक्का वाटायचा. पण मातीत बांधलेली विटांची भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते हळूहळू उडून जातं. सिमेंटने ती वाट बुजली. ओल वर चढत गेली, लोणा लागला, म्हणजे भिंतीवर पांढरे क्षार फुटले, पोपडे सुटायला लागले, आणि दर दिवाळीच्या आधी आई त्यावर ऑइलपेंट मारून घ्यायची. आम्ही काम काढलं तेव्हा सगळं सिमेंट खरवडलं आणि उन्हाळाभर भिंत उघडी ठेवली. मग मुरवलेला चुना, वाळू आणि विटांची सुरखी (विटांची भुकटी) असा गिलावा, पातळ थरांत. प्रत्येक थरावर ओलं गोणपाट टाकून दिवसचे दिवस भिजवत ठेवावं लागतं. गवंडी मात्र चुन्यात हात बसलेलाच शोधा, बाकीचे हळूच त्यात सिमेंट मिसळतात. वर चुन्याचीच सफेदी दिली. प्लॅस्टिक पेंट दिला असता तर सगळी मेहनत वाया गेली असती.

दुसरं लाकूड. माजघरातल्या खांबावरचा रंग उतरवायला घेतला तर हिरवा, त्याखाली पिवळा, परत हिरवा, आणि शेवटी सागवानात कोरलेला सुरू, म्हणजे सुरूच्या झाडासारखी नक्षी. पाकळ्यांच्या कडा अजून बोटाला लागत होत्या. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. पण त्याच खांबाच्या बुंध्यात, तळखड्याच्या, म्हणजे खांबाखालच्या दगडाच्या, जरा वर, स्क्रूड्रायव्हर दोन बोटं आत गेला. स्ट्रक्चरल इंजिनियर बोलावला, तुळईला जॅक लावले आणि सुताराने कुजलेला दीड फूट कापून तिथे जुनं सागवान सांधलं. ते भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मिळालं. खांब बदलायची गरज पडली नाही. तुमच्याकडेही प्रत्येक खांब आणि छताची प्रत्येक कडी (आडवं लाकूड) अशी टोचून, ठोकून बघा. बद्द आवाज आला तर समजा आत वाळवी आहे.

आता आधुनिक भाग. माझा एकच आग्रह आहे: नवीन वस्तू उद्या काढता येईल अशी बसवा. किचनचे कपाटखण पायांवर उभे केले, भिंतीपासून चार इंच सोडून, म्हणजे मागे हवा खेळते. वायरिंगसाठी भिंत फोडली नाही, पाइप तुळईच्या मागून नेले. बाथरूम जुन्या न्हाणीघराच्याच जागी, तळमजल्यावर. माडीवर संडास-बाथरूम हवंच असेल तर ते बरोबर त्याच्या वर घ्या आणि इंजिनियरला विचारल्याशिवाय कडीपाटावर (कड्या आणि फळ्यांच्या लाकडी छतावर) कोबा, म्हणजे काँक्रीटचा थर, आणि फरशीचं ओझं घालू नका. फॉल्स सीलिंग तर अजिबात नको. कडीपाट झाकला गेला की गळती आणि वाळवी दोन्ही उशिरा कळतात, आणि घराचं सगळं रूप तर त्या छतातच असतं. आम्ही पिवळसर दिवे खालून वर सोडलेत, संध्याकाळी एकेक कडी मोजता येते. कसं दिसेल याचा अंदाज हवा असेल तर पेशव्यांच्या विश्रामबागवाड्यात अर्धा तास फिरून या. १८०७ चं काम आहे, खांब आणि छत नीट न्याहाळा.

घराच्या मधल्या उघड्या चौकावर काच टाकायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. ऐकू नका. घरातली गरम हवा तिथूनच वर जाते.

कागदपत्रांचं थोडक्यात: घर महापालिकेच्या हेरिटेज यादीत आहे का, हे पहिल्याच आठवड्यात बघा आणि सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लेखी घ्या.

आणि घाई करू नका. गिलावा झाल्यावर एक पावसाळा जाऊ द्या, भिंत कुठे काळवंडते ते बघा. फर्निचरची मापं सुताराला दसऱ्यानंतर द्या.