पोटातल्या बाळाच्या मेंदूत सुरुवातीला जोडण्याच झालेल्या नसतात, मग न्यूरोट्रान्समीटर तिथे काय करत असतात?

प्रश्न भारी आहे. मला हाच प्रश्न माझ्या बारावीच्या बॅचमधल्या एका पोरीने विचारला होता (मी क्लासमध्ये बायो शिकवतो) की सर, हे केमिकल जर एका न्यूरॉनचा (मेंदूतल्या पेशीचा) निरोप दुसऱ्याला देतं तर जोडणी व्हायच्या आधी ते कुणाला काय सांगतं. तेव्हा मी "पुढच्या लेक्चरला बघू" म्हणून वेळ मारून नेली. घरी येऊन वाचत बसलो तेव्हा कळलं की इतकी वर्षं फळ्यावर जे लिहीत होतो, या केमिकल्सपैकी ग्लुटामेट म्हणजे ॲक्सिलरेटर (पेशीला उठवणारं) आणि गाबा म्हणजे ब्रेक (गप्प करणारं), ते मोठ्यांच्या मेंदूपुरतंच धड खरं आहे. (गाबा म्हणजे ब्रिस्बेनचं मैदान नाही, दर बॅचला कोणीतरी हा जोक मारतोच.)

तर जोडणी होण्याआधी ही केमिकल्स निरोप्यापेक्षा गवंड्याचं काम जास्त करतात. कोवळ्या न्यूरॉनच्या वाढत्या टोकातून ती थोडी थोडी सुटत असतात, समोर ठरलेलं गिऱ्हाईक नसतानाही, आणि आजूबाजूच्या पेशींवर ती ओळखणारे रिसेप्टर आधीच तयार असतात.

सगळ्यात मजेशीर केस गाबाची. १९८९ मध्ये फ्रान्समध्ये येहेझ्केल बेन-आरी आणि सहकाऱ्यांनी नवजात रॅटच्या हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूचा आठवणींशी संबंधित भाग) पातळ कापांवर काम करताना दाखवलं की तिथे गाबा पेशीला शांत करत नाही, उलट उठवतो. का, ते लोकलच्या उदाहरणाने सांगतो. दादरला गाडी थांबली आणि दार मोकळं झालं तर माणसं आत घुसणार की बाहेर सांडणार हे दारावर नाही, गर्दी कुठे जास्त आहे त्यावर ठरतं ना, तसंच गाबा फक्त क्लोराईडचं दार उघडतो. मोठ्या न्यूरॉनमध्ये क्लोराईड कमी असतं, दार उघडलं की ते आत येतं, त्याचा चार्ज निगेटिव्ह म्हणून पेशी गप्प बसते. कोवळ्या न्यूरॉनमध्ये मात्र क्लोराईड खच्चून भरलेलं असतं कारण ते आत भरणारा पंप जोरात असतो आणि बाहेर काढणारा पंप (केसीसी२ नावाचा) अजून नीट सुरूच झालेला नसतो, त्यामुळे दार उघडलं की निगेटिव्ह चार्ज बाहेर जातो आणि पेशी चेकाळते. केमिकल तेच, दार तेच, परिणाम उलटा.

आता यात जोडणी कुठे आली? ग्लुटामेटचा एक रिसेप्टर असतो, एनएमडीए, त्याच्या तोंडात मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं आणि पेशी आधीच थोडी उठलेली असेल तरच ते निघतं. कोवळ्या वयात तो पहिला धक्का गाबा देऊ शकतो, बूच निघतं, कॅल्शियम आत येतं, आणि कॅल्शियम आलं की पेशी समजते की इथे काहीतरी बांधायचंय. २०१६ मध्ये ह्युंगबे क्वॉन यांच्या ग्रुपने लहान उंदरांच्या कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाहेरच्या थरात) लेझरने अगदी एका ठिपक्यावर गाबा सोडला, तर त्याच जागी फांदीला नवा कोंब फुटला, म्हणजे जोडणी जिथे बसते तो काटा. मला हे वाचून खरंच विश्वास बसेना, ज्याला आपण ब्रेक म्हणतो त्याच्यामुळे कोंब!

पण इथे एक पाचर आहे. २००० साली नेदरलँड्सच्या मॅथाइस व्हरहागे आणि सहकाऱ्यांनी असे उंदीर तयार केले ज्यांच्यात एक प्रोटीन नसल्यामुळे न्यूरॉनमधून न्यूरोट्रान्समीटर सुटतच नव्हते. मेंदू बनणारच नाही असं वाटेल, पण तो बऱ्यापैकी नीट बनला, सायनॅप्सही (म्हणजे याच जोडण्या) दिसले, आणि मग पेशी मरत गेल्या, पिल्लं जन्मताच गेली. म्हणजे ढोबळ आराखडा जीन्स उभा करतात, टिकायला मात्र ही केमिकल्स लागतात, असं त्यांनी मांडलं. म्हणून कोणी "सगळं केमिकलवर आहे" म्हणालं तर मान डोलावू नका.

कोण कुठे टिकणार याचं चांगलं उदाहरण डोळ्यांचं. डोळे उघडायच्याही आधी रेटिनामध्ये (डोळ्याच्या आतल्या पडद्यात) सिग्नलच्या लाटा आपोआप उठत असतात, सुरुवातीला ॲसिटिलकोलीन या आणखी एका न्यूरोट्रान्समीटरच्या जोरावर आणि नंतर ग्लुटामेटच्या. कार्ला शॅट्झ यांच्या लॅबने १९९८ मध्ये फेरेटच्या (मुंगसासारखा एक प्राणी) पिल्लांमध्ये औषधाने या लाटांत बिघाड केला तर डाव्या-उजव्या डोळ्याच्या तारा मेंदूत वेगळ्या व्हायच्या ऐवजी एकमेकांत मिसळलेल्याच राहिल्या. सेरोटोनिन या दुसऱ्या न्यूरोट्रान्समीटरचंही असंच, जास्त झालं तर उंदराच्या मिशांचा मेंदूतला नकाशा नीट उमटतच नाही.

आणि हे नुसतं उंदरांपुरतं नाही. नवजात बाळाला फिट्स आल्या की फेनोबार्बिटोन देतात, ते गाबाच्याच रस्त्याने काम करतं, आणि बऱ्याच बाळांत ते पुरेसं पडत नाही त्याचं एक कारण हेच उलटं क्लोराईड मानलं जातं. मग क्लोराईड भरणारा पंपच बंद करू म्हणून बुमेटॅनाइड नावाचं औषध देऊन बघितलं, पण युरोपातली ती ट्रायल मध्येच थांबवावी लागली, फायदा दिसेना आणि काही बाळांच्या ऐकण्यावर परिणाम झाला. जिवंत मेंदूत हिशोब इतका सरळ नसतो, गाबा धक्काही देतो आणि दारं उघडी ठेवून बाकीचा सिग्नल गळूनही जाऊ देतो.

अजून एक, हे माझं फेव्हरेट. २००६ मध्ये रॅटमध्ये दिसलं की कळा सुरू झाल्यावर आईचं ऑक्सिटोसिन (कळा आणणारं हार्मोन) पिल्लाच्या मेंदूत पोचतं आणि तेवढ्या वेळापुरतं गाबाला ब्रेक बनवतं, न्यूरॉन गप्प होतात, त्यामुळे जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडला तरी ते तग धरतात. नंतर गाबा परत उलटा.

पुढच्या लेक्चरला हे सगळं त्या पोरीला सांगितलं, दादर स्टेशनसकट. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "सर, हे नीटला येणार का?"