रोज टेराबाइटभर राइट्स होणाऱ्या डेटाबेस सर्व्हरला एसएसडी कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न असा आहे: पोस्टग्रेएसक्यूएलचा सर्व्हर, डेटा 600 जीबीच्या आसपास, दोन ड्राइव्ह मिररमध्ये (दोन्हींवर तेच लिहिलं जातं), दिवसाला अंदाजे 1.1 टीबी राइट्स. विक्रेता 3 डीडब्ल्यूपीडीचा (रोज तीनदा आख्खा लिहिता येईल असा) महागडा ड्राइव्ह सुचवतोय आणि ऑफिसमधले म्हणतात, 2 टीबीचा डेस्कटॉपसाठीचा एनव्हीएमई एसएसडी लावा, पैसे वाचतील. माझं मत विचाराल तर दोघांचंही ऐकू नका.

आधी तो ‘अंदाजे’ काढून टाका. लिनक्सवर प्रॉक-डिस्कस्टॅट्समध्ये त्या डिस्कच्या ओळीतला दहावा रकाना म्हणजे लिहिलेले सेक्टर. त्याला 512 ने गुणलं की बाइट्स मिळतात. रोज ठरावीक वेळी आकडा टिपा, किमान सात दिवस, आणि त्यात बॅकअप व महिनाअखेरची कामं येतील असा आठवडा निवडा. मिरर असेल तर एकाच डिस्कचा आकडा घ्या, दोन्हींची बेरीज नको. सध्याचा ड्राइव्ह एनव्हीएमई असेल तर स्मार्ट-लॉगमधलं (ड्राइव्ह स्वतःबद्दल ठेवतो ती नोंद) ‘डेटा युनिट्स रिटन’ बघा. तिथलं एक युनिट 5,12,000 बाइट्सचं असतं. ते 512 चं समजून हिशेब केला की उत्तर हजारपट चुकतं.

आता तुमच्या 1.1 टीबीचा हिशेब मांडू. डीडब्ल्यूपीडी म्हणजे वॉरंटीच्या काळात रोज आख्खा ड्राइव्ह किती वेळा लिहिता येईल तो आकडा. 1.92 टीबी, 1 डीडब्ल्यूपीडी, 5 वर्षं, म्हणजे 1.92 × 365 × 5 = 3,504 टीबी. तुमची 5 वर्षांची गरज 1.1 × 1,825, म्हणजे साधारण 2,008 टीबी. ज्याच्यावर ‘रीड-इंटेन्सिव्ह’ (मुख्यतः वाचण्यासाठीचा) अशी चिठ्ठी आहे तोच ड्राइव्ह तुम्हाला पुरून उरतोय! भार दुप्पट होणार असेल तर 4,015 टीबी लागतील, तेव्हा 1.92 कमी पडेल. मग 3.84 टीबीचा 1 डीडब्ल्यूपीडी (7,008 टीबी) किंवा 1.6 टीबीचा 3 डीडब्ल्यूपीडी (8,760 टीबी), यांपैकी जो स्वस्त पडेल तो घ्या. आणखी एक, राइट अँप्लिफिकेशन (ड्राइव्ह आत प्रत्यक्षात जास्त लिहितो ते) धरून या गरजेला पुन्हा दोन-तीनने गुणू नका. एंटरप्राइझ (सर्व्हरसाठीच्या) ड्राइव्हचा टिकाऊपणा जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या लहान रँडम राइट्सच्या चाचणीवर ठरवलेला असतो, त्यात ते आधीच धरलेलं आहे.

1.92 आणि 1.6 मध्ये फरक कुठे असतो ते समजून घ्या, विक्रेत्याशी बोलताना उपयोगी पडेल. दोन्हींत फ्लॅश बहुधा तेवढीच, 2 टेबिबाइट, म्हणजे 2,199 जीबी. एकात सुमारे 14 टक्के राखीव, दुसऱ्यात सुमारे 37 टक्के. राखीव जागा जास्त असली की कंट्रोलरला जुने ब्लॉक मोकळे करताना कमी हलवाहलव करावी लागते. मायक्रॉन 7450 प्रो आणि मॅक्स, सॉलिडाइम डी7-पी5520 आणि पी5620 या अशाच जोड्या. तुमचा डेटा 600 जीबी आहे, तेव्हा 1.92 च्या ड्राइव्हवर सुरुवातीलाच 1.4 टीबीचंच पार्टिशन करा, उरलेल्या जागेला हात लावू नका. बराचसा फायदा फुकटात मिळेल. ड्राइव्ह आधी वापरलेला असेल तर हे करण्याआधी तो पूर्ण इरेझ करा, नाहीतर ती जागा कंट्रोलरला मोकळी दिसतच नाही.

आता डेस्कटॉप ड्राइव्ह. सॅमसंग 990 प्रो 2 टीबीला 1,200 टीबीची हमी आहे, म्हणजे तुमच्या भारावर कागदावर जेमतेम तीन वर्षं. पण तो नको म्हणण्याचं खरं कारण झीज नाही, एफसिंक आहे. पोस्टग्रेएसक्यूएल प्रत्येक कमिटला (व्यवहार पक्का करताना) एफसिंकने ड्राइव्हला विचारतं, ‘हे नक्की लिहिलंस ना?’ एंटरप्राइझ ड्राइव्हवर कपॅसिटर असतात. वीज गेली तरी कॅशमधला मजकूर फ्लॅशवर उतरवण्यापुरती ऊर्जा त्यांच्यात साठलेली असते, म्हणून तो काही मायक्रोसेकंदांत ‘झालं’ म्हणू शकतो. डेस्कटॉप ड्राइव्हला प्रत्येक वेळी खरोखर फ्लॅशपर्यंत जावं लागतं, आणि तिथे एकेका कमिटला मिलिसेकंद लागू शकतो. बॉक्सवरचा लाखो आयओपीएसचा (सेकंदाला होणाऱ्या रीड-राइट्सचा) आकडा इथे काहीच कामाचा नाही.

माहितीपत्रकात ‘पॉवर लॉस प्रोटेक्शन’ शोधा, पण नीट वाचा. काही डेस्कटॉप ड्राइव्हच्या कागदावर त्यासारखेच शब्द असतात आणि संरक्षण फक्त आधीच लिहून झालेल्या मजकुराला असतं. एम.2 (पट्टीसारखा) ड्राइव्ह हातात घेतला तर कपॅसिटरची रांग डोळ्यांना दिसते. त्यांच्या जागेपायीच सर्व्हरचे बरेच एम.2 ड्राइव्ह 80 ऐवजी 110 मिमी लांब असतात, तेव्हा बोर्डावर तेवढी जागा आहे का ते आधी मोजा. यू.2 (2.5 इंची सर्व्हर ड्राइव्ह) घेणार असाल तर बॅकप्लेन (ड्राइव्ह जोडले जातात तो बोर्ड) यू.3 या नंतरच्या प्रकारचा आहे का विचारा, यू.3 ड्राइव्ह यू.2 मध्ये चालतो, उलट चालेलच असं नाही.

ड्राइव्ह आला की पोस्टग्रेएसक्यूएलबरोबर येणारं पीजी-टेस्ट-एफसिंक चालवा. एफडेटासिंकच्या ओळीत सेकंदाला दहा-वीस हजार किंवा जास्त ऑपरेशन्स दिसली तर ठीक. शे-दोनशे दिसली तर ड्राइव्ह परत करा. त्यानंतर एफआयओ (ड्राइव्हचा वेग मोजणारं साधन). पण नवा कोरा ड्राइव्ह पहिली काही मिनिटं फार सुंदर आकडे दाखवतो. आधी आख्खा ड्राइव्ह सरळ दोनदा लिहून काढा, मग 4 केबीचे रँडम राइट्स आकडा स्थिरावेपर्यंत चालू ठेवा. तो स्थिरावलेला आकडाच तुमचा. ही चाचणी ड्राइव्हवरचं सगळं पुसते, म्हणून डेटा टाकण्याआधीच करा.

खरेदीच्या आधी एक फुकटचा उपायही करून बघा. प्रत्येक चेकपॉइंटनंतर (मेमरीतले बदल डिस्कवर उतरवण्याचा टप्पा) पान पहिल्यांदा बदललं की पोस्टग्रेएसक्यूएल ते पूर्ण 8 केबीचं पान वॉलमध्ये (बदलांची आगाऊ नोंदवही) लिहितं. चेकपॉइंट मुळात दर 5 मिनिटांनी, आणि वॉलची मर्यादा 1 जीबी. ती 16 ते 32 जीबी करा, वेळ 15 ते 30 मिनिटं ठेवा, वॉल कॉम्प्रेशन चालू करा आणि पुन्हा आठवडाभर मोजा. राइट्स चांगलेच उतरू शकतात. सर्व्हर अचानक बंद पडला तर उभा राहायला थोडा जास्त वेळ लागेल, एवढंच. फुल-पेज-राइट्स (वर सांगितलेलं पूर्ण पान लिहिणं) मात्र बंद करू नका.

मिररमधले दोन्ही ड्राइव्ह एकाच लॉटचे घेऊ नका. दोघांवर राइट्स सारखेच, तास सारखेच आणि फर्मवेअरमधला दोषही सारखाच. नोव्हेंबर 2019 मध्ये एचपीईने काही सॅस एसएसडींबद्दल जाहीर केलं होतं की फर्मवेअर बदललं नाही तर ते बरोबर 32,768 तासांनी बंद पडतील. एकाच दिवशी सुरू केलेली जोडी अशा वेळी एकाच दिवशी जाते, मिरर काही वाचवत नाही. फर्मवेअरच्या सूचनांवर लक्ष ठेवा.

मिररऐवजी रेड 5 (तीन किंवा जास्त ड्राइव्हवर डेटा आणि पॅरिटी वाटणारी रचना) चा विचार असेल तर सोडा, तिथे एका लहान राइटमागे दोन रीड आणि दोन राइट होतात. क्यूएलसी (एका सेलमध्ये चार बिट ठेवणारे) ड्राइव्हही इथे नकोत.

स्मार्टमधल्या ‘पर्सेंटेज यूज्ड’वर (टिकाऊपणा किती टक्के वापरला गेला) 80 ला अलर्ट लावा. 100 ओलांडल्यावरही ड्राइव्ह चालत राहतो, पण झिजलेला एंटरप्राइझ ड्राइव्ह विजेविना 40 अंशांत 3 महिने डेटा धरेल, एवढीच जेडेकची अट आहे. म्हणून काढलेला ड्राइव्ह ‘बॅकअप आहे’ म्हणून कपाटात ठेवू नका; त्यावरचं सगळं आधी दुसरीकडे उतरवा.