रडत नाही, नुसता चिडतो: हे नैराश्य असू शकतं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा पंधराचा. तीन महिने सतत चिडचिड, मार्क घसरलेले, रात्रभर जागा आणि दुपारपर्यंत अंथरुणात. पण रडत नाही, मित्रांचा फोन आला की हसतोही, मग हे डिप्रेशन कसं, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. माझी मुलगी सोळाव्या वर्षी यातून गेली आणि तिच्याबरोबर मीही, तेवढ्या अधिकारावर लिहिते.

रडत नाही म्हणजे नैराश्य नाही, या समजुतीत आम्ही चार महिने घालवले. मोठ्यांमध्ये निदानासाठी उदासी किंवा कशातच रस न वाटणं यातलं एक तरी असावं लागतं. मुलांच्या बाबतीत उदासीच्या जागी चिडचिड असली तरी ती धरतात. जोडीला झोप, भूक, थकवा, लक्ष न लागणं, स्वतःला नालायक समजणं असं काय काय. एकूण नऊपैकी पाच लक्षणं, जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे, आणि त्यापायी शाळा-मैत्री विस्कटलेली. मित्रांबरोबर घटकाभर हसला म्हणून हे खोटं ठरत नाही. आमची तर पाहुण्यांसमोर छान वागायची आणि दार लागलं की भिंतीकडे तोंड करून पडायची.

नुसत्या उशिरा झोपण्यावरून काही ठरवू नका. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. आधी जे आवडायचं त्याचं काय झालं, ते बघा. मुलगी बॅडमिंटनवेडी होती. रॅकेटची ग्रिप सुटली म्हणून मी नवी आणली. दोन आठवड्यांनी पाहिलं तर पाकीटही फोडलेलं नव्हतं. मी आळशी म्हणून ओरडले. त्या ओरडण्याचं आजही वाईट वाटतं.

डॉक्टरांनी आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी१२ तपासायला सांगितलं, कारण यांच्या गडबडीतही असाच थकवा येतो. मग एक प्रश्न विचारला तो मला विचित्र वाटला: कधी सलग चार-पाच दिवस तीनच तास झोपूनही ही ताजीतवानी, भरभर बोलणारी, भलत्या योजना आखणारी असायची का? नातेवाइकांत कुणाला असं होतं का? बायपोलर आजारात मन कधी खोल नैराश्यात तर कधी अति उत्साहात जातं. त्याची सुरुवात पुष्कळदा नैराश्यानेच होते, आणि त्यात नुसतं नैराश्याचं औषध दिलं तर मन उलट टोकाला उसळू शकतं. म्हणून हा प्रश्न. तुम्हालाही विचारतील, आठवून ठेवा. वर्षभर रेंगाळणारं सौम्य नैराश्यही असतं. मोठ्यांसाठी ती मुदत दोन वर्षांची, मुलांसाठी एकाची. 'स्वभावच तसा' म्हणून हे हमखास सुटतं.

औषधाची भीती तुम्ही लिहिलीच आहे. २००४ साली १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनी फ्लुओक्सेटिन ही नैराश्याची गोळी आणि सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याची पद्धत बदलायला शिकवणारं समुपदेशन, दोन्ही मिळालेल्यांत ७१ टक्के सुधारले, नुसत्या गोळीवर ६१, नुसत्या समुपदेशनावर ४३ आणि औषध नसलेल्या गोळीवर ३५. छत्तीस आठवड्यांपर्यंत समुपदेशनवाले गोळीवाल्यांच्या बरोबरीला आले होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकाने नैराश्याच्या गोळ्यांवर ठळक इशारा छापायला लावला: चाचण्यांमध्ये मरणाचे विचार किंवा तसं वागणं गोळी घेणाऱ्या मुलांत सुमारे ४ टक्के, न घेणाऱ्यांत २. त्या चाचण्यांत आत्महत्येने मृत्यू एकही नव्हता. अर्थ माझ्यापुरता असा: गोळीला घाबरून बसायचं नाही, पण पहिले काही आठवडे आणि डोस बदलल्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही.

आता अवघड गोष्ट. त्याला सरळ विचारा, 'जगू नये असं वाटतं का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. मी तीन दिवस शब्द जुळवत होते. विचारलं तेव्हा ती म्हणाली, 'कधीकधी.' हो म्हणाला तर वाद घालू नका, उपदेश तर नकोच. एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या, कीटकनाशकं, धारदार वस्तू कुलपात टाका आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा इमर्जन्सी गाठा. त्याने काही बेत सांगितला तर तासाचाही उशीर नको.

असं काही नसलं तरी तीन महिने पुरेसे झाले. याच आठवड्यात भेट ठरवा. जाताना झोपेच्या वेळा आणि काय काय सुटलं ते कागदावर लिहून न्या. तिथे गेल्यावर काही आठवत नाही. पहिल्या भेटीत तो एक शब्द बोलला नाही तर खट्टू होऊ नका. आमची दुसऱ्या भेटीत बोलली, तेही डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगितल्यावर.