उत्तर: जुन्या चर्चच्या आतला रंग – शेड नंतर, आधी भिंत

तुमची पोस्ट वाचताना वाटलं, गावाचं नाव तेवढं बदललं तर ही आमचीच फाईल. वसई पट्ट्यातलं शंभरी ओलांडलेलं दगड-विटा-चुन्याचं चर्च, आत खालच्या चार फुटांत रंगाचे पोपडे, कंत्राटदाराचं कोटेशन 'पुट्टी दोन हात, प्रायमर एक, प्रीमियम इमल्शन दोन', पॅरिश कौन्सिलमध्ये क्रीम की आकाशी यावरून दोन तट, आणि सगळं नाताळाच्या आत हवं. तुम्ही विचारलंय इतकंच की शेड कोणती घ्यावी.

शेडचं सांगतो, पण नंतर. ते कोटेशन आधी बाजूला ठेवा. (मी संवर्धनतज्ज्ञ नाही, तुमची भिंत पाहिलेली नाही. तडे रुंदावत असतील तर आधी इंजिनिअरला बोलवा, माझं ऐकू नका.)

छपराची गळती, पन्हळी, बाहेरच्या मातीची पातळी हे तुम्ही पाहिलं असेलच असं धरतो. प्रश्न आतल्या ओलीचा आहे. जुन्या भिंतींना ओलरोधक थर नसतो, त्यामुळे जमिनीतलं पाणी चुन्याच्या सांध्यांमधून आणि विटांमधून वर चढतं. वसईची माती खाडीलगतची, म्हणजे पाण्याबरोबर मीठही चढतं. भिंतीला चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच हात असेल तर पाणी पृष्ठभागावरून उडून जातं, मीठ पांढरं फुलून बाहेर येतं, ते झाडून टाकायचं. त्यावर पुट्टी आणि इमल्शन (म्हणजे प्लास्टिक पेंट) चढवलं की पाण्याला वाट राहत नाही. मग मीठ रंगाच्या पापुद्र्यामागे स्फटिक धरतं आणि रंग गिलाव्याच्या पापुद्र्यासकट ढकलून देतं. रंग चांगल्या कंपनीचा असला तर पोपडे मोठे निघतात, एवढाच फरक.

ऑईलपेंटचा पट्टा किंवा टाइल्सचा डॅडो (भिंतीच्या खालच्या भागाला लावलेलं आवरण) हा तर याहून वाईट. 'खालचं खराब होतं, टाइल्स लावून टाकू' असं प्रत्येक कौन्सिलमध्ये कुणीतरी म्हणतंच. टाइल्समागे ओल अडते आणि टाइल्सच्या वर फूट-दोन फूट चढून तिथे फुटते. वॉटरप्रूफिंग केमिकल आतून मारलं तरी तेच. दोन पावसाळ्यांत चार फुटांवरची रेघ सहा फुटांवर येते.

भिंत कशी आहे ते घरच्या घरी कळतं. पोपड्याखालच्या गिलाव्यावर लिंबाचा रस टाका, फसफसला तर त्यात चुना आहे. मग नखाने किंवा खिळ्याने ओरखडा: चुन्याचा गिलावा भुसभुशीत खरवडतो, सिमेंटचा करकरतो. वरच्या रंगावर पाण्याचा थेंब टाका. शोषला तर चुना, मण्यासारखा उभा राहिला तर प्लास्टिक किंवा ऑईल. ओलीसाठी दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने बंद करून दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला दव आलं तर ओल भिंतीतली, खोलीकडच्या बाजूला आलं तर हवेतली. ही चाचणी तीन ठिकाणी करा, त्यातली एक सॅक्रिस्टीच्या (वेदीजवळची, वस्त्रं-सामान ठेवायची खोली) भिंतीवर, कारण ती खोली कायम बंद असते.

आता ज्याने आम्हाला सगळ्यात महागात पाडलं ते. परवानगी आणि निधी ज्या कार्यालयातून यायचा होता त्याचं नाव घेत नाही. त्यांच्या फॉर्ममध्ये चार रकाने सक्तीचे: कंपनी, उत्पादन, शेड क्रमांक, वॉरंटीची वर्षं. प्रस्ताव चुन्याच्या हाताचा होता. चुन्याला कुठला शेड क्रमांक आणि कुठली वॉरंटी? फाईल परत आली, शेरा 'समतुल्य ब्रँडेड उत्पादन सुचवावे'. खुलासा दिला तर टेबलावरचे साहेब बदललेले, नवे साहेब म्हणतात नव्याने अर्ज करा. यात कोरडा हंगाम गेला, निधीची मुदत संपत आली, आणि शेवटी घाईने 'समतुल्य' म्हणजे इमल्शनच लागलं, तेही ओल्या भिंतीवर. पुढच्या श्रावणात काय झालं ते वर लिहिलंच आहे. पुढचा खर्च मूळ कामापेक्षा जास्त, कारण आता आधी प्लास्टिक खरवडून काढायचं होतं. त्या फॉर्ममध्ये भिंत कशाची आहे हे विचारणारा एकही रकाना नव्हता. असो.

यातून निघायची वाट आहे, ती आधीच करून ठेवा. कंपनीच्या रकान्यात 'आयएस ७१२, वर्ग सी चुना' लिहा (आयएस म्हणजे भारतीय मानक). सफेदीला आणि वरच्या गिलाव्याला चालणारा चुना तोच. कामाच्या पद्धतीसाठी 'आयएस ६२७८' लिहा, ती सफेदी आणि रंगीत सफेदीचीच मानक संहिता आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत चुन्याच्या सफेदीची बाब आहे, तिचा क्रमांक जोडा. शेडच्या रकान्यात 'पिवळी माती, कोरड्या चुन्याच्या वजनाच्या ३ टक्के, मंजूर नमुना क्र. १' असं लिहून रंगवलेला तुकडा सोबत द्या. रकाना भरलेला दिसला की फाईल हलते. चर्च संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत असेल (वसई किल्ल्याजवळची मंडळी, लक्ष द्या) किंवा त्यापुढच्या २०० मीटरच्या पट्ट्यात, तर दुरुस्तीचं काय लागतं ते काम ठरवण्याआधी लेखी विचारा. आणि जुने पुतळे, जुनी वेदी यांना रंगाऱ्याचा हात लागू देऊ नका. १९८३ च्या कॅनन लॉ (कॅथलिक चर्चचा कायदा) संहितेतला ११८९ वा नियम स्पष्ट आहे: मौल्यवान प्रतिमांची दुरुस्ती धर्मप्रांताच्या लेखी परवानगीशिवाय नाही.

'मग रंगच नको, दगड उघडा छान दिसतो' म्हणणारेही भेटतील. त्यांना जुन्या गोव्याचं बॉम जेझूस बॅसिलिका दाखवा. १९५० च्या दशकात बाहेरचा गिलावा उतरवला, आणि उघडा पडलेला जांभा तेव्हापासून पाऊस खातोय. गिलावा शोभेपुरता नसतो.

प्रत्यक्ष काम. पोपडे आणि फुललेलं मीठ कोरड्या ब्रशने झाडा, पोत्यात भरून आवाराबाहेर टाका. पाण्याने धुऊ नका, मीठ विरघळून परत आत जातं. कुजलेला गिलावा ओलीच्या रेघेच्या वर दीड-दोन फुटांपर्यंत काढा. नवा गिलावा चुना आणि वाळूचा, एकास तीन. वाळू धुतलेली, खाडीची अजिबात नाही. 'थोडं सिमेंट टाकतो, लवकर धरतं' हे मुकादमाचं पेटंट वाक्य आहे, तिथे ठाम राहा. खालचा हा गिलावा बळीचा समजा. मीठ तो खाईल आणि काही वर्षांनी तेवढाच पट्टा पुन्हा करावा लागेल. कौन्सिलला हे आधीच सांगा, नाहीतर तेव्हा तुमचं नाव निघेल.

जुना ऑईलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून आली, त्याआधीच्या थरांत किती शिसं असेल ते सांगता येत नाही. ओलं करून खरवडा, मास्क लावा, आणि त्या आठवड्यात मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग दुसरीकडे घ्या.

चुना: कळीचा, म्हणजे न विरवलेला, तो लोखंडी पिंपात विरवायचा. आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी कळी, उलटं कधीच नाही. पाणी उकळतं आणि उसळतं, चष्म्याशिवाय कुणी जवळ उभं राहायचं नाही. प्लास्टिकचं पिंप वितळतं. विरलेला चुना पाण्याखाली किमान दोन आठवडे ठेवा, जास्त ठेवला तर आणखी उत्तम, मग कापडातून गाळा. भिंतीला हात द्यायला घ्यायचं ते दुधाइतकं पातळ. लावताना भिंतीवर काहीच दिसत नाही, वाळेल तसं उमटतं. रंगाऱ्याला हे माहीत नसेल तर तो दाट करतो आणि आठवड्यात भुकटी पडते. भिंत आधी फवाऱ्याने ओली करा, कुंच्याने आडवा-उभा हात, दोन हातांत चोवीस तास, एकूण चार ते पाच हात. जुन्या कृतींत मीठ घालायला सांगतात, कारण ते ओलावा धरतं. तुमच्या भिंतीत ते आधीच आहे, वरून नको. सरसही नको, ओलीत त्याला बुरशी धरते.

प्रमाण म्हणून, ३० मीटर लांब, १२ रुंद, ८ उंच असा हॉल धरला तर भिंती ६७२ चौरस मीटर, दारं-खिडक्या वजा जाता अंदाजे ५४०. एका लिटरला पाचेक चौरस मीटर धरा, म्हणजे हातामागे ११० लिटरच्या आसपास. चार हातांना साडेचारशे लिटर पातळ चुना. वेदीमागची कमान वेगळी मोजा. रंगीत हात असेल तर सगळा रंग एकदम कालवा, दुसऱ्या पिंपाची छटा पहिल्याशी कधीच जुळत नाही.

चुना कपड्यांना लागतो, ही तक्रार पहिल्याच रविवारी येणार. बाक भिंतीपासून वीतभर लांब सरकवा किंवा लाकडी पट्टी ठोका. तेही चालत नसेल आणि पैसे असतील तर खालच्या भागाला सिलिकेट रंग द्या. त्यातून वाफ बाहेर जाते, पण तो प्लास्टिकवर बसत नाही आणि शिंतोडा उडाला तर काच कायमची खराब करतो. रंगीत काचा आधी झाका.

हंगाम. नाताळाच्या आत हे विसरा. ऑक्टोबरात भिंत पावसाचं पाणी पिऊन बसलेली असते. गिलावा डिसेंबर-जानेवारीत, रंग ईस्टरनंतर ते मे अखेर. फक्त मेच्या उन्हात चुना झटकन सुकून भुकटी होतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ फवारा मारा. फादरांना नाताळाला काहीतरी दाखवायचंच असेल तर दिवे बदला.

आता शेड. चुन्यात सगळे रंग टिकत नाहीत. गेरू, पिवळी माती, उंबर (अंबर नावाची तपकिरी माती), ऑक्साइडचा हिरवा-काळा आणि नीळ चालतात. प्रशियन निळा चुन्यात मरतो. चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर कुठलाच रंग नको, भिंतीवरून सुटतो. ओल्यात दिसतो त्याहून वाळल्यावर बराच फिका होतो, म्हणून पिंपात बघून ठरवू नका.

क्रीम की आकाशी, तर माझं मत क्रीमकडे, तेही फिकं. कारण धर्मगुरूंची वस्त्रं आणि वेदीची कापडं वर्षभर हिरवी, जांभळी, पांढरी, लाल होत राहतात. आकाशीपुढे हिरवं मळकट दिसतं आणि प्रायश्चित्तकाळातलं जांभळं बुडतं. आकाशी गटाला छत द्या, ते खरंच सुंदर दिसेल. वेदीमागची भिंत बाकीच्यांपेक्षा एकच पायरी गडद. भिंत, छत, नक्षी मिळून तीन रंगांच्या वर जाऊ नका.

शेडकार्डवर निवडू नका. मीटरभर चौकोन तीन ठिकाणी रंगवा: खिडकीसमोर, खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर, वेदीजवळ. सकाळच्या मिस्साला बघा आणि संध्याकाळी दिवे लावून बघा. ६५०० केल्विनच्या (थंड पांढऱ्या उजेडाच्या) नळ्यांखाली क्रीमही दवाखान्यासारखं दिसतं, ३००० केल्विनच्या (पिवळसर उजेडाच्या) दिव्यांखाली ते पिवळं होतं. आधी दिवे पक्के करा, मग चौकोन. आणि एखाद्या कोपऱ्यात ब्लेडने जुने थर पायरीपायरीने सेंटिमीटरभर उघडा. खाली जुनी छापील नक्षी निघाली तर काम थांबवा आणि संवर्धकाला बोलवा.

वेदीच्या वर्खावर मास्किंग टेप लावू नका, टेपबरोबर सोनं निघतं. मोकळी चादर टाका. डब्यातल्या सोनेरी रंगाने 'उजळवणं' तर नकोच. त्यात पितळेची पूड असते, समुद्रकाठच्या हवेत ती हिरवट-तपकिरी पडते.

परांची उभी आहे तोवर वायरिंग, पंखे, स्पीकर, छताचे वासे सगळं उरकून घ्या, तिचं भाडं रोज चढतं. करारात 'सिमेंट, पुट्टी, सीलर नाही' हे शब्द लिहून घ्या आणि बिलाचे दहा टक्के पुढचा पावसाळा संपेपर्यंत अडकवून ठेवा. कंत्राटदार कुरकुरेल. प्लास्टिकच्या चाचणीचे फोटो काढलेत तर इथे टाका, कोणत्या बाजूला दव आलं ते बघून खालच्या पट्ट्याचं नक्की सांगता येईल.