प्रीपेड करून टाकू का?

(वाचकांचे प्रश्न. या वेळी तिन्ही पत्रं विजेच्या मीटरची.)

प्रश्न : ताई, आम्ही दक्षिण आफ्रिकेत गौतेंगमध्ये असतो. घर स्वतःचं आहे. वीज नगरपालिकेची. वीज, पाणी, कचरा आणि मालमत्ता कर असं सगळं मिळून महिन्याला एकच बिल येतं. रीडिंग घ्यायला माणूस क्वचित फिरकतो. चार-पाच महिने अंदाजे आकडा लावतात आणि मग एखाद्या महिन्यात असं बिल येतं की छातीत धस्स होतं. मागच्या वर्षीचं असंच एक बिल आम्हाला मान्य नाही, ते थकबाकी म्हणून पुढे ओढलं जातंय. यजमान म्हणतात, प्रीपेड करून टाकू, कटकट मिटेल. मला भीती वाटते, रात्री-बेरात्री युनिट संपले तर? घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. काय करावं?

उत्तर : तुमची भीती आणि यजमानांची घाई, दोन्ही रास्त आहेत. पण तुम्ही जे सर्वांत शेवटी, जाता जाता लिहिलंय ना, ती थकबाकी, तिथून सुरुवात करा. प्रीपेड घेतल्याने जुनं येणं पुसलं जात नाही. नगरपालिका ते नव्या मीटरला चिकटवते. म्हणजे तुम्ही पाचशे रँडची वीज घ्यायला जाल, त्यातला ठरावीक हिस्सा आधी थकबाकीकडे वळेल आणि उरलेल्या पैशांचे युनिट हातात पडतील. शिवाय वादाचा पुरावा म्हणजे तुमचं जुनं मीटर, आणि प्रीपेडवाले येतील तेव्हा तेच उचलून नेतील. म्हणून आधी लेखी तक्रार नोंदवा, तिचा नंबर घ्या, आणि निकाल लागेपर्यंत मीटरला हात लावू देऊ नका. थांबणं शक्यच नसेल तर वसुली किती टक्के होणार ते लिहून घ्या. 'बघू, लावू काहीतरी' हे उत्तर चालवून घेऊ नका.

मीटर बदलायच्या दिवशी घरातलं कोणीतरी जाणतं माणूस हजर पाहिजे. जुन्या मीटरचा फोटो काढा, त्यात मीटरचा नंबर आणि रीडिंग दोन्ही स्पष्ट दिसले पाहिजेत. नव्या मीटरचाही काढा. कामाच्या कागदावर तेच शेवटचं रीडिंग लिहिलंय का ते पाहून मगच सही करा. मी मीटर तपासणीच्या कामात आयुष्य घालवलंय. वर्षानुवर्षं चाललेली भांडणं अशा एका फोटोने पाच मिनिटांत मिटताना पाहिली आहेत. जमा असलेल्या डिपॉझिटचं काय होणार, परत मिळणार की बिलात वळतं होणार, तेही त्याच दिवशी विचारा. नंतर कोणाला आठवत नाही.

आता पैशांचं. बहुतेक जण विचारतात, प्रीपेडचा युनिट स्वस्त की महाग? नुसत्या युनिटच्या दरावरून काही कळत नाही. मागच्या वर्षभराची बिलं काढा. प्रत्येक बिलावर रीडिंग प्रत्यक्ष घेतलं की अंदाजे लावलं हे छापलेलं असतं. दोन प्रत्यक्ष रीडिंग धरा, त्यांतली वजाबाकी करा, मधल्या महिन्यांनी भागा. तो तुमचा खरा वापर. अंदाजे आकड्यांवर हिशेब मांडलात तर उत्तरही अंदाजेच येईल.

मग स्थिर आकार बघा. जोहान्सबर्गचं उदाहरण घेते. तिथे पोस्टपेडवाल्याला दर महिन्याला सेवा आकार आणि नेटवर्क आकार भरावाच लागतो, तुम्ही घरी असा नाहीतर दीड महिना गावी लग्नाला गेलेले असा. प्रीपेडवाल्यांना हा भुर्दंड आधी नव्हता, म्हणून लोक धडाधड तिकडे वळत होते. मग जुलै 2024 पासून प्रीपेडवरही महिना 200 रँडचा आकार आला, व्हॅट धरून 230. केवढी बोंबाबोंब झाली तेव्हा! महिन्याच्या पहिल्या खरेदीतच तो कापला जायचा, त्यामुळे दोनशेची वीज घेणाऱ्याच्या हाती काहीच लागायचं नाही. पुढच्या वर्षी तो बराच कमी केला. सांगायचं काय, की हे दर दर वर्षी 1 जुलैला बदलतात, कारण नगरपालिकांचं आर्थिक वर्ष तेव्हा सुरू होतं. तुमच्या नगरपालिकेचा चालू वर्षाचा दरतक्ता समोर ठेवा. शेजारणीने तीन वर्षांपूर्वी काय वाचवलं ते आज उपयोगाचं नाही.

दुसरी गोष्ट टप्प्यांची. जोहान्सबर्गच्या प्रीपेडमध्ये महिन्याच्या पहिल्या 350 युनिटना एक दर, 350 ते 500 ला त्याहून जास्त, आणि 500 च्या वर आणखी जास्त. इथे एक गैरसमज घरोघरी आहे : थोडी थोडी वीज घेतली की स्वस्त पडते. नाही हो. महिन्यात एकूण किती युनिट घेतले ते मोजलं जातं, मग एकदाच घ्या की दहा वेळा. फरक पडतो तो तारखेचा. 29 तारखेला 'असू दे घरात' म्हणून दोनशे युनिट जास्तीचे घेतलेत तर ते महागाच्या टप्प्यात पडतात. तेच 1 तारखेला घेतले असते तर मोजणी शून्यापासून सुरू झाली असती. दरवाढीच्या आधी, जूनअखेरीस साठा करणारे याच ठिकाणी फसतात. युनिट मीटरमध्ये भरले की दर वाढले तरी ते तुमचेच राहतात हे खरं, पण साठ्याचे युनिट वरच्या टप्प्याच्या दराने घेतलेले असतील तर दरवाढीतून वाचवलेलं तिथेच गेलं.

पाच माणसांचं घर आहे, तेव्हा गीझरबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडच्यासारखा बटण दाबून दहा मिनिटांत तापणारा तिथला गीझर नसतो. छतात दीडशे लिटरची टाकी दिवसरात्र तापत असते. थंडीतलं गार पाणी 15 अंशांवरून 60 पर्यंत न्यायला एका टाकीमागे जवळजवळ आठ युनिट लागतात. कोणी नळ सोडला नाही तरी टाकीचं पाणी निवत राहतं, त्यात दिवसाला दोन-अडीच युनिट जातात. वर तिथल्या हिवाळ्याची, म्हणजे जून-जुलैची थंडी, गार फरशी आणि सासूबाईंच्या खोलीतला हीटर. एवढ्यात 350 चा टप्पा तुम्ही महिन्याच्या मध्यालाच ओलांडाल. मीटर कोणतंही ठेवा, गीझरला टायमर लावा आणि टाकीवर गोधडी घाला. तसलं तयार आवरण हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

रात्री-बेरात्रीची काळजी त्यामानाने लहान आहे. तिथे बँकेच्या ॲपवर, सुपरमार्केटच्या काउंटरवर, पेट्रोल पंपावर, सगळीकडे वीज विकत मिळते. पैसे भरले की वीस आकड्यांचं टोकन येतं, चार-चारच्या पाच गटांत छापलेलं. खुद्द मीटर बरेचदा रस्त्याकडेच्या पेटीत असतं आणि घरात असतं ते बटणांचं छोटं यंत्र. त्यावर ते वीस आकडे दाबायचे. युनिट कमी झाले की ते आधी इशारा देतं. सासूबाईंना शिकवा, अगदी जमतं. फक्त वाचणारा एक, दाबणारा दुसरा असेल तर एकेक आकडा सुटा वाचायला सांगा. आजी 'एकोणऐंशी' म्हणाली की तिकडे वाढलेला नातू तोंडाकडे बघत बसतो! चुकीचे आकडे वारंवार दाबले तर काही मीटर थोडा वेळ कुलूपबंद होतात. मीटरचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा, म्हणजे तुम्ही गावाला असलात तरी फोनवरून वीज घेऊन टोकन घरी कळवता येईल. आणि आलेलं टोकन त्याच दिवशी भरा. कोणत्या क्षणी टोकन निघालं हे त्या आकड्यांतच दडलेलं असतं. नंतरची बरीच टोकनं भरून झाली की मीटर आधीचं टोकन जुनं म्हणून नाकारतं. ड्रॉवरमध्ये पुरवून ठेवायची ही वस्तू नाही.

या वेळेच्या हिशेबाची एक गंमत सांगते, म्हणजे माझ्यासारखीला गंमत. हे टोकनचं तंत्र दक्षिण आफ्रिकेतच तयार झालं आणि पुढे जगभर गेलं. त्यातलं घड्याळ 1993 च्या सुरुवातीपासून मिनिटं मोजतं, आणि त्यासाठी राखलेली जागा 24 नोव्हेंबर 2024 ला भरली. त्याआधी देशभर प्रत्येक मीटरमध्ये खास दोन टोकनं भरून घड्याळ नव्याने लावून घ्यावं लागलं. ज्यांनी ते केलं नाही त्यांची मीटरं त्या दिवसानंतर नवी टोकनं घेईनात. तुम्हाला नवं मीटर मिळेल, त्यामुळे हा त्रास नाही. पण ओळखीतलं कोणी बरेच दिवस बंद असलेलं घर घेत असेल तर तिथलं प्रीपेड मीटर टोकन घेतं का, हे किल्ली हातात घेण्याआधी तपासायला सांगा.

यजमानांना एक समजावा. कटकट मिटेल ती विजेच्या अंदाजे बिलाची. पाणी, कचरा आणि मालमत्ता कराचं बिल दर महिन्याला येतच राहणार. ते थकलं तर बऱ्याच नगरपालिका वीज विकणंच थांबवतात. तुमच्या खिशात पैसे आहेत, ॲप उघडलंय, आणि टोकन मिळत नाही. लोकांना वाटतं मीटर बिघडलं. बिघडलेलं नसतं, पाण्याचं बिल राहिलेलं असतं.

छतावर सोलर पॅनेल आहेत का, तुम्ही लिहिलं नाही. असतील किंवा वर्षभरात बसवणार असाल तर घाई करू नका. साधी प्रीपेड मीटरं उलट्या दिशेने जाणारी वीज ओळखत नाहीत. काही तिला छेडछाड समजून पुरवठा तोडतात, काही तीही तुमच्याच नावावर वापर म्हणून मोजतात. जास्तीची वीज नगरपालिकेला द्यायची असेल तर दोन्ही दिशांनी मोजणारं मीटर लागतं.

एवढं सगळं झाल्यावर माझं मत : सोलर नसेल आणि बारा महिन्यांच्या हिशेबात फार फरक येत नसेल, तर घ्या प्रीपेड. पाच-दहा टक्के जास्त गेले तरी दर महिन्याला रीडिंगवरून हुज्जत घालण्यापेक्षा परवडलं. पण आधी ती थकबाकी.

प्रश्न : मी जोहान्सबर्गजवळ एका कॉम्प्लेक्समध्ये भाड्याने राहतो. मीटर प्रीपेडच आहे, पण टोकन नगरपालिकेकडून नाही, एका खासगी कंपनीकडून घ्यावं लागतं. सँडटनमध्ये राहणाऱ्या मित्राला तेवढ्याच पैशांत माझ्यापेक्षा जास्त युनिट मिळतात. नगरपालिकेचं प्रीपेड मागून घेता येईल का?

उत्तर : भाडेकरूला नाही येणार. तुमचं आहे ते उपमीटर. सगळ्या कॉम्प्लेक्सला एक मोठी जोडणी असते, तिचं बिल मालक किंवा मालकांची संस्था भरते, आणि ती खासगी कंपनी फ्लॅटवार मोजून पैसे गोळा करते. त्यात तिचा सेवाआकार असतो, तिथेच युनिट कमी होतात. तरी नियम असा आहे की मधल्या विक्रेत्याने, तुमच्यासारख्या ग्राहकाने थेट नगरपालिकेकडून वीज घेतली असती तर जो दर पडला असता त्यापेक्षा जास्त आकारू नये. टोकनच्या पावतीवर युनिटचा दर आणि सेवाआकार वेगळे दाखवलेत का बघा. नसतील तर कंपनीकडे लेखी मागा. मित्राशी तुलना मात्र सोडा. सँडटनच्या बऱ्याच भागात वीज नगरपालिकेची नाहीच, थेट एस्कॉम या सरकारी वीज कंपनीची आहे. सोवेतोतही तसंच. शेजारच्या उपनगरात दरतक्ताच वेगळा असू शकतो.

घर बदलताना एक प्रश्न विचाराच : कॉम्प्लेक्सचं मोठं बिल वेळेवर भरलं जातं का? ते थकलं तर तुमच्या मीटरमध्ये शंभर युनिट शिल्लक असूनही अख्खी इमारत अंधारात जाते.

प्रश्न : मुलगा जोहान्सबर्गला असतो, तो टोकन भरून वीज घेतो हे ऐकून आश्चर्य वाटलं. आता इथे नाशिकला आमच्या सोसायटीत स्मार्ट मीटर बसवायला आले होते. उद्या आम्हालाही रिचार्ज करत बसावं लागणार का?

उत्तर : स्मार्ट मीटर आणि प्रीपेड मीटर हे एकच नव्हे. घरगुती ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही असं राज्य सरकारने जून 2024 मध्ये जाहीर केलं. आता बसवतात ती मीटरं स्वतःहून रीडिंग पाठवतात, बिल आधीसारखंच महिना संपल्यावर येतं. उलट महावितरणने जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळातल्या वापरावर युनिटमागे 80 पैशांपासून 1 रुपयापर्यंत सवलत ठेवली आहे, आणि ती या मीटरवरच मिळते. कपडे धुण्याचं मशीन दुपारी लावा.

पुढे कधी कोणी प्रीपेड देऊ केलंच, तर 2003 च्या वीज कायद्याचं कलम 47(5) लक्षात असू द्या : प्रीपेडवर वीज घेणाऱ्याकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही. आणि 'बिल अपडेट नाही, आज रात्री वीज तोडणार, या नंबरवर फोन करा' असा मेसेज आला तर तो मीटर कोणतंही असो, भामट्याचाच. फोन करू नका, लिंक उघडू नका. खरंच काही बाकी आहे का ते महावितरणच्या ॲपवर बघा, नाहीतर सरळ जवळच्या कार्यालयात जाऊन विचारा.