देव आहे का? – आधी सांगा, कोणता?

तुम्ही विचारलंय, ‘देव आहे का? असेल तर पुरावा द्या, नसेल तर तसं सिद्ध करा.’ मी उलट विचारतो, तुमचा देव करतो काय? जग घडवतो की तुमचं ऐकतो? वादात लोक पुरावा देतात घडवणाऱ्याचा आणि नवस बोलतात ऐकणाऱ्याला.

घडवणाऱ्याची बाजू आपल्याकडे नैयायिकांनी, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या न्याय दर्शनाच्या पंडितांनी, नेटाने लढवली. त्यांच्यातल्या उदयनाचार्यांचा ‘न्यायकुसुमांजली’ हा ग्रंथ त्यासाठीच आहे. मडकं दिसलं की कुंभार असणारच, तसं जग हेही कार्य, म्हणजे घडलेली वस्तू, तेव्हा त्याला कर्ता हवा. पण कुमारिल भट्टांनी त्यांच्या कितीतरी आधी या कर्त्याची उलटतपासणी करून ठेवली होती. त्याला शरीर नसेल तर तो घडवतो कसा? असेल तर ते शरीर कोणी घडवलं? आणि दयाळू म्हणता, तर इतकं दुःख कशाला? गंमत म्हणजे कुमारिल वेद न मानणारे चार्वाक नव्हेत, वेदातल्या कर्मकांडाचा अर्थ लावणारे पक्के मीमांसक. वेद प्रमाण, यज्ञ हवेत, फक्त जगाचा निर्माता नको! आज कोणी असं बोललं तर घरचेच त्याला नास्तिक म्हणतील.

बरं, धरू उदयनाचार्य जिंकले. हाती लागला तो कुंभार. तो तुमचं गाऱ्हाणं ऐकतो, हे मडक्यावरून कसं ठरवणार?

प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या देवळात चांदीचे उंदीर आहेत. लोक उंदराच्या एका कानाशी तोंड नेऊन पुटपुटतात आणि दुसरा कान तळहाताने झाकतात, मागणं पलीकडून निसटू नये म्हणून. त्या रांगेत जगाचं आदिकारण कोणाला हवंय? म्हाडाच्या लॉटरीत नंबर लागला तरी पुष्कळ. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज निघाला. त्यांनी मूर्ती नाकारली, अवतार नाकारले, पण ऐकणारा ठेवलाच. वाळकेश्वरच्या जैन मंदिरात तर तिसराच प्रकार. तीर्थंकरांनी जग घडवलेलं नाही, ते कोणाचं मागणंही पुरवत नाहीत, असं जैन दर्शनच सांगतं. तरी पूजा रोज होते.

माझं म्हणाल तर घडवणारा असला-नसला, माझं काही अडत नाही. ऐकणारा मला पटत नाही. एकाच घरासाठी दोघांनी त्याच उंदराच्या कानात सांगितलं, तर एकाचा नंबर राहणारच. तो राहिला की म्हणायचं, ‘देवाने भल्यासाठीच केलं असेल.’ लागला तर कृपा आहेच. माझ्या आईचा हा आवडता युक्तिवाद, आणि तिच्याशी मी वाद घालत नाही. तुमच्याशी घालतो. काय घडलं तर ‘माझा देव नाही’ असं तुम्ही मान्य कराल, ते आधी सांगा. काहीही घडलं तरी नाही, असं उत्तर असेल, तर मला सिद्ध करायला सांगताय ते नेमकं काय?