३८ लाखांचं क्रेडिट, एक समन्स आणि खासदारांना पत्र

प्रश्न: भोसरी एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. ज्या व्यापाऱ्याकडून दोन वर्षं पत्रा घेतला, त्याचा जीएसटी नंबर रद्द झाला. त्याच्या बिलांवर मी ३८ लाखांचं क्रेडिट घेतलंय, म्हणजे खरेदीवर दिलेला जीएसटी माझ्या भरायच्या करातून वजा केलाय. आता जीएसटी कायद्याच्या कलम ७० खाली चौकशीला हजर राहण्याचं समन्स आलंय. फोनवर साहेब म्हणाले, "चेकबुक घेऊन या, नाहीतर मुक्काम इथेच." भाचा म्हणतो, जाऊच नका, आधी खासदारांना पत्र द्या, अशा अटकांवर संसदेची समिती लक्ष ठेवते. काय करू?

उत्तर: समन्सला जा. गेला नाहीत तर २५ हजारांपर्यंत दंड, शिवाय फाईलवर 'सहकार्य करत नाही' असा शेरा. पुढे जामिनाची वेळ आलीच तर सरकारी वकील तोच शेरा आधी वाचून दाखवतात.

आता अटकेचं. कलम ६९ खाली अटकेचा आदेश आयुक्तच देऊ शकतात, आणि तोही खोटं क्रेडिट किंवा बुडवलेला कर २ कोटींच्या वर असेल तर. ५ कोटींच्या वर गेलं की गुन्हा अजामीनपात्र. हे आकडे कलम १३२ मध्ये आहेत, संसदेनेच घातलेले. ते फोनवर कुणाला बदलता येत नाहीत. या कायद्याखाली आधी शिक्षा झालेली नसेल, तर ३८ लाखांवर अटक होत नाही.

पण ३८ हा तुमचा हिशेब झाला, खात्याचा काय आहे ते समन्सवर लिहिलेलं नसतं. असे व्यापारी तीन-तीन नावांनी नंबर चालवतात. सीएंना जुलै २०१७ पासूनची खरेदी काढायला सांगा, रद्द झालेला प्रत्येक नंबर लाल करून. माल खरंच आला होता हे दाखवायला ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना), बँकेचा उतारा आणि वजनकाट्याच्या पावत्या जमवा. गाडीचा नंबर आणि वेळ छापलेली ती तेलकट चिठ्ठी पुष्कळदा बिलापेक्षा जास्त कामाला येते.

भाच्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. अर्थविषयक स्थायी समिती महसूल विभागाच्या अनुदान मागण्या, म्हणजे खर्चासाठी मागितलेला पैसा, तपासते, आणि खासदार सभागृहात प्रश्न विचारून अटकांचा हिशेब मागू शकतात. मात्र एकट्यादुकट्याची फाईल तिथे उघडत नाही. लोकसभेच्या याचिका समितीपुढेही न्यायालयाच्या कक्षेतला विषय नेता येत नाही. मला खटकतं ते वेगळंच. कलम १६६ प्रमाणे नियम आणि अधिसूचना संसदेपुढे ठेवाव्या लागतात. अटक कधी आणि कशी करावी हे सांगणारी ऑगस्ट २०२२ ची सूचना मात्र केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने (जीएसटी खात्याचं वरिष्ठ मंडळ) काढलेली, ती सभागृहापुढे ठेवण्याचं बंधन या कलमात नाही. खासदारांना लिहायचंच तर हे लिहा, पण समन्सहून परत आल्यावर.

चेकबुक घरी ठेवा. तपास चालू असताना जबरदस्तीने वसुली करू नये, अशी मंडळाचीच २५ मे २०२२ ची सूचना आहे. राधिका अगरवाल खटल्यात २७ फेब्रुवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अटकेची भीती घालून घेतलेला कर परत मागता येतो, आणि गुन्हा नोंदवला जाण्याआधीही अटकपूर्व जामीन मागता येतो. लाल केलेल्या नंबरांची बेरीज २ कोटींपलीकडे गेली, तर समन्सच्या तारखेआधी शिवाजीनगरच्या सत्र न्यायालयात अर्ज टाकू. नसेल तर तो खर्च नको.

जबाबाचं प्रत्येक पान वाचूनच सही करा, रात्रीचे नऊ वाजले तरी. आठवत नसेल तर 'आठवत नाही, कागद पाहून सांगतो' एवढंच लिहायला लावा.

आणि त्या फोनची तारीख, वेळ, नंबर आजच टिपून ठेवा. मग साहेबांना ईमेल करा: "आपण फोनवर सांगितल्याप्रमाणे चेकबुक आणायचं असल्यास कृपया लेखी कळवावे." उत्तर बहुधा येणार नाही. पाठवलेल्या ईमेलची प्रिंट मात्र माझ्याकडे आणून द्या.